हसण्याआधी बसा

बाबा, मागच्या आठवड्यात तुमच्या पणतीला, म्हणजे माझ्या नातीला, घेऊन इथं धंतोलीत मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले होते. सतरा वर्षांची पोर वर्गात बसल्या बसल्या झोपते आणि मैत्रिणींनी हसवलं की गुडघ्यांतून खाली येते. मी तिला आळशी म्हणत आले. तपासण्यांचे कागद पाहून डॉक्टर मॅडमनी विचारलं, "हसल्यावर पाय गळतात, असं घरात आणखी कुणाचं?" सून "नाही" म्हणाली आणि मी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "माझ्या वडिलांचं."

उमरेडचं घर समोर उभं राहिलं. तुम्ही हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आहात, धोटा इकडून तिकडे पळतो आहे, आणि आई भाकरी थापता थापता शेजारणीला दटावते आहे, "थांब वं, त्याईले मागावर बसू दे आधी, मंग सांग." गमतीची गोष्ट तुम्ही बसल्यावरच सांगायची, हा आपल्या घरचा नियम. उभ्यानं हसलात की पोत्यासारखे खाली. मिनिटभरात उठायचे, धोतर झटकायचे आणि विचारायचे, "मंग, पुढं का झालं?"

मला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी तुम्ही नेमके दारात उभे होतात. मुलाच्या मामांनी काहीतरी चावट सांगितलं, तुम्ही खो खो हसलात आणि उंबऱ्यातच कोसळलात. पाहुणे चहा टाकून गेले. तुम्ही पडल्यावर मामा काय म्हणाले, त्याची संध्याकाळी तुम्ही नक्कल केलीत, "गडी सकाळूनच दारू लावून राहिला वाटते!" आई हसून हसून रडली. मी तेव्हा आतल्या खोलीत होते; मला वाटलं, हे रचून सांगताहेत. पडलेल्या माणसाला कसं ऐकू येईल? मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, तोरा मोठा. म्हटलं, "बाबा, यापुढं लोकांसमोर हसायचं नाही."

"काहून वं? रडलो त चालते?" तुम्ही म्हणालात. पण ऐकलंत.

डॉक्टर मॅडमनी समजावलं. मेंदूत ऑरेक्झिन नावाचं रसायन असतं, जागेपण टिकवून धरणारं. ते बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या की भर दिवसा झोप घुसते. आणि स्वप्न पडताना अंग जसं ढिलं होतं, तसं हसताना जागेपणीच होतं. "पण शुद्ध जात नाही, आजी. सगळं ऐकू येतं."

म्हणजे तुम्ही सांगितलेला मामांचा शब्द न् शब्द खरा होता! मी तिथंच हसत सुटले. नातीला नक्कल करून दाखवली, तीही हसली आणि खुर्चीतच तिची मान कलली. मिनिटभरानं डोळे उघडून म्हणाली, "आजी, तुला नक्कल बिलकुल जमत नाही."

आता गोळ्या सुरू आहेत. दुपारची वीस मिनिटांची झोप डॉक्टरांच्या हुकमानं. कॉलेजला मी पत्र लिहिलं, ते पोचलं. हे तुम्हाला लिहिलेलं मात्र वहीतच राहील.

लोकांसमोर हसू नकोस, असं मी तिलाही दिवाळीत बजावलं होतं. आज सकाळी तो हुकूम मागं घेतला. ती म्हणाली, "मी कुठं ऐकला होता?" घरात हशा पिकला, ती पलंगावर आडवी.

तुम्ही ऐकलात, बाबा. माझ्या लग्नाच्या मांडवात सगळे हसत होते आणि तुम्ही एकटेच ओठ घट्ट मिटून उभे होतात. मला दिसलं होतं. एक खुर्ची आणून दिली असती, तरी पुरलं असतं.