चटईखालची माणसं

गुरुवार, ३ सप्टेंबर १९८७

पहाटे सुलिएता आणि तिच्या घरचे माफी मागायला आले. डोक्यावर बारीक विणीची चटई पांघरून अंगणात बसले, माना खाली. माझ्या पोराच्या, पेतेलोच्या थडग्यापासून चार हातांवर.

तिच्या पोराने, फालानिकोने वादळात हट्टाने पेतेलोला नाव काढायला लावली. तो स्वतःच तसं सांगतो. तो पोहत परत आला. माझ्या पेतेलोला लाटांनीच आणून टाकलं.

आमच्या बेटावर घरधन्याने चटई उचलली की माफी दिली, अशी रीत. लोक दुपारपर्यंत ताटकळत ठेवतात. औकुसोने उन्हं यायच्या आतच उचलली! माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरधनी असा मऊ कधी झाला?

नणंद लुइसा कानाशी म्हणाली, "चटई केवढी, पश्चात्ताप एवढासा! वर भेट म्हणून तीन डुकरं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?"

शनिवार, ५ सप्टेंबर

माफी झाली तरी गावचा दंड वेगळा. फालानिकोला गावाबाहेर काढायचं की ठेवायचं — पंचांनी माझ्यावर सोडलं आहे. बुधवारी, सोळाला, बैठकीत सांगायचं.

सोमवार, ७ सप्टेंबर

सुलिएता मागच्या पायरीवर भाजलेला नीरफणस ठेवून गेली. कशासाठी? डुकरांना घातला.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

पाणवठ्यावर फालानिको भेटला. मला बघून वळला. मी थांबवलं.

"नाव काढू, असं आधी कोण म्हणालं?"

"मी, काकी."

"काय शब्द होते तुझे?"

पाठ केलेलं असावं तसं पुन्हा — "चूक माझी, काकी."

इतक्या घाईने दोष कोण अंगावर घेतं? त्याहून मोठं काही झाकायचं असेल तोच. भांडण झालं? ढकललं त्याने माझ्या पोराला?

औकुसोला विचारलं. जाळं विणत राहिला.

मंगळवार, १५ सप्टेंबर

दुःखी मातेचा सण. चर्चमध्ये मातेच्या मूर्तीच्या काळजात सात तलवारी. मी तिच्याकडेच बघत होते, तर सुलिएता शेजारी येऊन टेकली. रडत होती. हिचा तर घरी जेवतोय! ही कोणासाठी रडते?

हळूच म्हटलं, "काय लपवतेस?"

"मालिया, मला वाट्टेल ते बोल. एवढं विचारू नकोस."

ठरलं. उद्या सांगते — काढा त्याला.

बुधवार, १६ सप्टेंबर, सकाळ

बैठकीला निघाले, तर औकुसो दारात आडवा.

"पेतेलो प्यायला होता. नाव त्याने काढली. फालानिको त्याला धरायला पाण्यात उतरला, तो ऐकेना म्हणून नावेत चढला. मी किनाऱ्यावर होतो. हाका मारल्या."

"मग तो खोटं का बोलला?"

"सुलिएता म्हणाली, पोर गेलंच आहे. आईच्या मनात त्याचं नाव तरी चांगलं राहू दे."

"आणि तुम्ही त्यांना बसू दिलंत? चटईखाली?"

तो रडला.

बुधवार, संध्याकाळ

बैठकीत सगळं सांगितलं. पेतेलोचं नाव घेऊन. पंचांनी पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. फालानिको राहतोय.

सुलिएता बाहेर उभी होती. मला नुसतं धरलं तिने.

घरी कोणी नव्हतं. चूल पेटवली. अळूचे कंद सोलून उकडायला टाकले.