प्रियाचा मुनवा

आष्टी, ४ फेब्रुवारी २०२४

सौ. दैवशालाताईंना,
स.न.वि.वि.

फोन न करता लिहिते आहे, कारण आईंचे डोळे गेले तरी कान अजून भिंतीपलीकडचं ऐकतात. परसातलं केळीचं बेट आजारी आहे. नवी पानं अरुंद, ताठ, शेंड्याला गुच्छ होऊन बसलीत. यंदा एकही घड नाही. आणि आमच्या प्रियाचं लग्न तीन मार्चला. लेक सासरी निघाली की बेटाच्या बुडाशी फुटलेला एक मुनवा तिच्या ओटीत द्यायचा, हा तुमच्या माहेरचा रिवाज. आई रोज विचारतात, मुनवा हेरला का. मी हो म्हणते.

लग्नाची खरेदी, आईंचं न्हाणं-जेवण, वर या बेटाला पाणी. थकले हो ताई. तुम्ही दिवसभर केळीच्या रोपांतच असता, काय करू ते सांगा. तुमच्या मुनव्याचं बेट कसं आहे? आई येईल-जाईल त्याला त्याचं कौतुक सांगतात.

मुलांना आशीर्वाद. उत्तराची वाट बघते.

तुमची वहिनी,
सुरेखा

नवीन जालना, ११ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. वहिनींना,
सा.न.वि.वि.

पत्र वाचलं. हा रोग वरून बऱ्या दिसणाऱ्या मुनव्यातही असतो. प्रियाला तो देऊ नका. लग्न उरकलं की सगळं बेट कंदासकट खणून काढा.

मुनव्याचं मोल मलाही कळतं. मोठ्या झाडावर पोसलेला, लावला की उभा राहतो. आमच्या रोपवाटिकेतलं रोप प्रयोगशाळेत बाटलीत वाढलेलं, पहिले दोन महिने तान्ह्या लेकरासारखं जपावं लागतं. पण निरोगी असतं. फक्त एकदम जास्त लावू नयेत, सगळ्यांना एकाच वेळी घड येतात. तीन रोपं एसटीने पाठवते. एक बेटाच्या कडेला लावा आणि आईला मुनवा म्हणून सांगा. तिला कुठे दिसतंय?

आता हे तिच्या कानावर नको. माझा मुनवा पहिल्याच उन्हाळ्यात वाळला. मी कामावर, घरी चार दिवसांनी टँकर. अठरा वर्षं बेट छान आहे म्हणून सांगत आले. दर दिवाळीला आणते तो घड मोंढ्यातून विकत घेतलेला असतो. तुम्ही त्याची चव वाखाणता तेव्हा मला मान वर करवत नाही. प्रियाच्या गळ्यात हे लोढणं नको.

दादांना नमस्कार. तुमची माया अशीच असू द्या.

तुमची,
दैवशाला

आष्टी, २५ फेब्रुवारी २०२४

सौ. दैवशालाताईंना,
स.न.वि.वि.

तुमची युक्ती फसली. आईंना हात धरून रोपाशी नेलं. त्यांनी पान चाचपलं आणि म्हणाल्या, मंग हे इतकं रुंद कसं. चांगल्या मुनव्याचं पान तलवारीच्या पात्यासारखं असतं, रुंद पानाचा मुनवा बिनकामाचा. नातीला असलं देऊन राह्यली का म्हणत त्यांनी ते उपटलं आणि उकिरड्यावर फेकायला लावलं.

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. चिडले, रडलेही. तुमचं पत्र आणून अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं, नको म्हणाला होतात तेही. हवं तर रागवा. आईंनी एवढंच विचारलं, की मुनवा वाळला तेव्हा दैवशालाला सासरी कुणी बोललं का. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हरिओमला बोलावून त्यांनी बेट खणवलं. शेवटचा कंद निघेपर्यंत उन्हात बाजेवर बसून होत्या.

उरलेल्या दोन रोपांतलं एक प्रियाला द्यायचं ठरलं. दुसरं तुम्हाला, लग्नाला याल तेव्हा. आईंनी निरोप दिलाय, त्यांच्याच शब्दांत लिहिते. अठरा साल काहून न्हाई सांगितलं? वाळलं तर वाळलं म्हणून सांगायलाच माहेर ऱ्हातं.

लोभ आहेच. या वेळी घड आणू नका, नुसत्या या.

तुमची,
सुरेखा