सहा महिन्यांचा कोंडा

गागोदे बुद्रुक,
१२ मे

ती. माधवदादास श्यामलाचा नमस्कार. पुण्याच्या हवेत तुझे गुडघे कसे आहेत? विराज आणि सूनबाई तुझं ऐकतात का? (ऐकत असतील तर कळव, इथे कोणाला खरं वाटणार नाही.) माझी तब्येत ठीक आहे. तुझ्या चंद्रीची नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद मध्येच तोंड घालत नाही.

सातव्या महिन्यातली गाभण गाय तू माझ्या हवाली करून गेलास आणि सोबत खुराकाचा एक तक्ता ठेवून गेलास. धाटावच्या रसायनांच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट सांभाळलेल्या माणसाला गायसुद्धा टाकी वाटते, यात तुझा दोष नाही. (वरून घालायचं, खालून काढायचं, मधल्या वेळात आकडे लिहायचे.) पेंड महाग, कोंडा स्वस्त, सबब पेणच्या पोह्याच्या गिरणीतून सहा महिन्यांचा कोंडा एकदम उचलावा, हा तुझा हुकूम. टेम्पोतून पंचवीस पोती उतरली तेव्हा हौसा गोठ्यात शेण काढत होती. ती वाडीवरून आपल्याकडे वीस वर्षं येते, गुरांचं तिला कळतं, म्हणूनच तिला कोणी काही विचारत नाही. तिने एका पोत्यात हात घातला, मूठ हुंगली आणि मला विचारलं, घरात लग्न आहे का. नाही म्हटल्यावर गप्प झाली. हौसा गप्प झाली की समजावं, काहीतरी चुकलंय. मी समजले नाही, कारण तुझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

पहिले दहा दिवस चंद्रीने घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मग हा दमट उकाडा पोत्यांत शिरला. कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं, हे मला आता घरच्या वासावरून कळतं. (पडवीला, देवघराला, माझ्या साड्यांना, सगळ्याला जुन्या शेंगदाण्यांचा वास आहे. पोस्टमन टपाल फाटकावरच अडकवून जातो.) चंद्रीने मान फिरवली. तू म्हणालास गूळ घाल. तिने गूळ चाटला, कोंडा ठेवला. तू म्हणालास मीठ घाल. तेही झालं. मग मी स्वतःची अक्कल चालवली, आणि ही चूक माझी, ती तक्त्यावर ढकलत नाही. शेजारच्या नंदावहिनी पापड करतात, त्यांच्याकडचा चुरा आणून वर भुरभुरला. पोह्याचाच तर पापड, म्हटलं घरचाच माल. त्यात मिरची आणि पापडखार असतो, हे पेण तालुक्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. मला ते चंद्रीने शिंकून सांगितलं. त्यानंतर दोन दिवस तिने पाण्यालाही तोंड लावलं नाही. पोटातलं वासरूही हलेना. मी दोन्ही रात्री नीट झोपले नाही, हे तुला सांगणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसा बोलली. "बाय, कोंडा आठ दिसापुरता आनायचा, भाजीवानी. ह्यो सडका माल दादांनाच घाला." मी म्हटलं, दादा पुण्याला आहे. म्हणाली, "म्हून तर गाय अजून जिती हाय."

तर दादा, पुढे काय करावं ते शांतपणे विचार करून कळव. गाय तुझी आहे. तुझ्या परवानगीवाचून मी तिच्या बाबतीत काहीही करणार नाही.

तुझी थकलेली बहीण,
श्यामला

ता. क. चंद्री गोठ्यात नाही. त्याच सकाळी हौसा तिला वाडीवर घेऊन गेली. कालव्याच्या कडेचं हिरवं गवत आणि ताजा कोंडा, तोही ओंजळभर, भिजवून. दुसऱ्या दिवशी रवंथ करू लागली. वासरू लाथा मारतंय, मी पोटाला हात लावून पाहिलं.

आणखी एक. गाय हौसाला अर्ध्या वाट्याने दिली आहे. येणारं वासरू सांभाळणारीचं, पुढचं आपलं, ही रीत तुला माहीतच आहे. तुझी संमती तेवढी पाठव. शब्द तुझ्याच नावाने देऊन झाला आहे, तेव्हा घाई नाही.