पाळण्याचे आकडे

अहो,

डोहाळजेवण झाल्यावर माहेरी जायचं ठरलं होतं, पण मी आजच वसईला निघाले. भास्करभावजी वापीला गाडीत बसवून देतील. त्यांच्यावर डाफरू नका.

आमटी झाकून ठेवलीय. भात तुमचा तुम्ही लावा, पण पितळी पातेल्यात नको. आईने बाळाच्या दुधासाठी दिलेलं पातेलं, आणि त्यात तुम्ही सरस उकळलात! हाडं-चामडी शिजवून केलेला तो चिकटा माझ्या चुलीवर, शी! राखेने घासघास घासलं, तरी वास जात नाही. आता ते तुमच्या सुतारकामालाच लखलाभ. त्यालाही एक खिळा ठोका आणि भोवती पेन्सिलीने आकृती काढा, म्हणजे रंधा, करवत, पटाशीसारखी त्यालाही हक्काची जागा होईल. शाळेत तुमच्या सुतारकामाच्या वर्गात पोरं हत्यारं कुठेही टाकतात म्हणून तिथे भिंतीवर आकृत्या काढल्यात, ते ठीक. घरात कोण टाकतंय?

हत्यारांसाठी स्वयंपाकघराची भिंत घेतलीत, तेही चालवून घेतलं. काल माजघरात वर बघितलं, तर पाळण्यासाठी तुम्हीच हौसेने तुळईला ठोकलेल्या आकड्यांना खुर्चीचे पाय आखायचे लाकडी फर्मे लोंबत होते. विचारलं तर म्हणालात, "रिकामेच तर होते."

बारशाला या, सगळे वाट बघतील. पण आकडे मोकळे केल्याशिवाय आम्हाला न्यायची भाषा नको. तोवर बाळ माझ्या आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत निजेल.

प्रमिला