खुब्यावरची फुली

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (उभ्या उभ्याच. कमरेत वाकायला डॉक्टरीणबाईंनी मला सध्या बंदी घातली आहे, तेव्हा पाया पडणं तेवढं राहिलं). भाऊजींचा खोकला कसा आहे? आणि तुझा खुबा? ‘बरा आहे’ असं लिहू नकोस. तू माडीवरून उतरणं सोडलंस आणि दाराशी आलेल्या माणसाशी खिडकीतून ओरडून बोलतेस, हे मला फोनवर कळलं आहे (कुणी सांगितलं ते सांगणार नाही, भाऊजींना तसा शब्द दिला आहे).

माझा खुबा बदलून झाला. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाला सांध्याबद्दल कुणी शिकवू नये, असं मला वाटायचं. बाईंनी टेबलावर नवा सांधा मांडला: कमरेच्या हाडात बसणारी वाटी, तिच्यात फिरणारा गोळा, आणि तो गोळा ज्यावर बसतो तो मांडीच्या हाडात वरून ठोकायचा दांडा. मी विचारलं, सरस कुठला वापरता? त्या म्हणाल्या, काही जणांना सिमेंट लावतो, तुम्हाला नको. दांडा खरखरीत आहे, हाड वाढून त्याला धरेल. ना सरस, ना स्क्रू, नुसती पाचर! अशी खुर्ची मी गिऱ्हाइकाला दिली असती तर त्याने ती माझ्याच डोक्यात घातली असती. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमचं लाकूड तोडलेलं असतं. हाड जिवंत असतं." यावर मी त्यांच्या टेबलाच्या पायांना नावं ठेवली.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी माझ्या उजव्या मांडीवर शाईने बाण काढला, म्हणजे करायचं ते इथे. त्या गेल्यावर मी तो बाण न्याहाळत बसलो. आमच्या धंद्यात बाण पाहून कुणी करवत चालवत नाही. जो भाग कापून टाकायचा त्यावर फुली मारायची, ही रीत बाबांनी मला करवत हातात देण्याआधी शिकवली होती (दुकानात तू पाहिलंच आहेस). म्हटलं, बाईंचं काम अर्धवट राहायला नको. हिच्या पर्समधलं पेन घेतलं आणि बाणाच्या टोकाशी ठसठशीत फुली मारली.

ऑपरेशनच्या खोलीत सिस्टरने चादर बाजूला केली आणि सगळे जागच्या जागी थिजले. त्यांच्यात फुली म्हणजे ‘हा पाय नव्हे’! बाण म्हणतो हाच, फुली म्हणते हा नको. एक्स-रे पुन्हा दिव्यावर चढला, आणि जो येईल तो मला नाव आणि पाय विचारू लागला. शेवटी, फुली कुणी मारली, असा प्रश्न आला तेव्हा मी अभिमानाने हात वर केला. बाईंनी मास्कच्या आतून मला जे सुनावलं ते वडील बहिणीला लिहिण्यासारखं नाही. फुली पुसली गेली, बाण राहिला.

कमरेखाली बधिर केलं होतं, कान मात्र शाबूत. पडद्यापलीकडे हातोडा सुरू झाला आणि मला एकदम दुकानात असल्यासारखं वाटलं. ठोक्याचा आवाज जरा बदलला तसा मी ओरडलो, "बसला! थांबा!" बाई म्हणाल्या, "अजून नाही, काका," आणि वर आणखी ठोके घातले. मग गोळा वाटीत बसवून पाय फिरवून पाहिला, दोन्ही पायांची लांबी जुळवली. आता मी काठीने जिना चढतो-उतरतो. मला बुटक्या खुर्चीत बसायचं नाही, म्हणून घरातल्या सगळ्या खुर्च्यांखाली ठोकळे लावले. त्यात हिचे पाय लोंबकळतात, त्यामुळे ही माझ्याशी बोलत नाही. एकंदरीत घाबरण्यासारखं काही नाही. मी तर मुळीच घाबरलो नाही.

तुझा धाकटा भाऊ
(दोन्ही पाय सारखे)

ता. क. भाऊजींनी तुझे एक्स-रे गुपचूप पाठवले, ते मी बाईंना दाखवले. तुझंही हाड जिवंत आहे म्हणाल्या. गुरुवारी गाडी येईल. तुला माडीवरून उतरवायला मी एका खुर्चीला दांडे ठोकले आहेत, धरायला तुझे दोघे मुलगे आहेत. रागवायचं असेल तर खुर्चीत बसून रागव.

ता. ता. क. मी घाबरलो नाही हे खोटं. पाठीत सुई टोचली तेव्हा मी मोठ्याने "ताई!" अशी हाक मारली. सिस्टर म्हणाली, बाहेर आहेत का, बोलावू? तिला माडीवरून उतरता येत नाही, हे सांगताना मला रडू आलं. तुझ्या वेळी मी दाराबाहेर बसेन (उंच खुर्ची घेऊन येईन), हाक मारलीस तर ऐकू येईल. पाया पडायचं राहिलं आहे, ते तू आपल्या पायांवर उभी राहिलीस की पडेन. पेन मात्र घरी ठेवून ये.