अर्ध्या पायाला उतरणारा गिअर

प्रिय रॉयस,

काल तुझा वकील दुकानात येऊन गेला. नवेकोरे बूट घालून आला आणि पहिलंच पाऊल गिअरच्या तेलात टाकलं बिचाऱ्याने. त्याचं म्हणणं एवढंच, की सोमवारी कोर्टात आईने ‘घरातली किरकोळ कुरबुर होती’ असं म्हटलं, की रॉयस संध्याकाळी तुरुंगातून घरी. मी हूं की चूं केलं नाही. तो गेल्यावर मात्र अशी तिडीक उठली, की हातातला पाना भिंतीवर भिरकावला. किरकोळ म्हणे!

दुकान चालू आहे, बरं का. पाद्रीबाबांची गाडी आलीय, तीही आपोआप गिअर बदलणारी. म्हातारा पाय इतका हळू ठेवतो, की दुसरा गिअर पडायच्या आत चर्च येतं. त्यांच्या शेजारी बसून एक फेरी मारली, तुझा बाप मारायचा तशी. हॉबर्टने कधी मीटरच्या काट्याकडे बघून गिअर जुळवला नाही. गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावायची, आपण शेजारी बसायचं आणि मान खाली घालून त्याचा पाय बघायचा. “गिअर गाडीचा नसतो गं व्हर्ना, पायाचा असतो,” म्हणायचा. तोंडाचा फाटका माणूस, शिवीशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही; पण माझ्या अंगाला त्याने कधी बोट लावलं नाही. तेव्हा वळण बापाचं आहे म्हणून त्याच्यावर खापर फोडू नकोस.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. तुला पकडलं त्या आठवड्यात माझी सून, ट्रेव्हा, तिची निळी गाडी घेऊन आली. म्हणाली, “आई, चढावर ही धापा टाकते, खालचा गिअर घेतच नाही. मागून कोळशाचे ट्रक भोंगे मारतात.” म्हटलं, चल, चालव, बघू. शेजारी बसले आणि सवयीने तिचा पाय बघितला. तिच्या पायात तुझी जुनी चप्पल होती, आणि ती अ‍ॅक्सिलरेटर टाचेने दाबत होती. चढ लागला तसा ओठ दातांत धरला, पण पाय काही अर्ध्याखाली जाईना. म्हटलं, अगं, पूर्ण दाबल्याशिवाय गाडी खालचा गिअर घेईल कशी? गाडी बाजूला घ्यायला लावली आणि चप्पल काढली. बोटं काळीनिळी, दोन नखं गेलेली. म्हणाली, ट्रकच्या दारात सापडला. मी म्हटलं, दार आपणहून लागत नाही. तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “एकदाच नाही लागलं, आई.” रॉयस, मी तुला जन्म दिलाय, तुझ्या पायाची बोटं मोजलीत पाळण्यात.

त्याच दिवशी मी तिच्या गाडीची तार जुळवली. अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ती बारकी तार, तुला ठाऊक आहे. ती एवढी ओढून बसवली, की अर्ध्या पायालाही गिअर खाली उतरावा. सपाट रस्त्यावर गाडी रडत चालेल, पेट्रोल ढोसेल; असं काम करणाऱ्याला हॉबर्टने दुकानाबाहेर काढलं असतं. मी केलं. मग तिला चढावर नेलं आणि ते अर्धं पाऊल टाकून बघायला लावलं. गाडी अशी हुंदडली, की पोर कित्येक महिन्यांनी हसली. घर सोडून कुठे जाणार ते मी तिला विचारलं. तिला कुठे जावंसं वाटतं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून तुला माहीत नाही.

गुरुवारी भर दुपारी ती निघाली आणि तू तिच्या मागे लागलास. ट्रकने तिच्या गाडीला मागून धडक दिलीस. तीही एकदाच नाही. वर खडक, खाली नदी, आणि मध्ये माझी सून. नंतर तिने फोन केला. म्हणाली, “आई, मी नुसता पाय टेकवला आणि ती निघाली.” तुझा ट्रक कोळशाच्या गाड्यांमागे अडकला. तुला कळायला वेळ लागला नाही. काल धापा टाकणारी गाडी आज उडाली, म्हणजे त्यात हात कोणाचा? जॅकचा दांडा घेऊन आलास ते थेट माझ्यावर. “थेरडे, गाडीला काय केलंस?” बापाने लावलेल्या काचा फोडल्यास, तेलाचे डबे लाथाडलेस, आणि मग मला कॉलर धरून कपाटावर आपटलंस. हो, मीही पाना चालवला. तुझ्या भुवईवरचे टाके माझे आहेत, आणि मला त्याची लाज वाटत नाही. आणखी थोडं बळ असतं तर आणखी दोन घातले असते.

तुला त्या वेळी हातकड्या घालून नेलं, म्हणून पुढचं कळलं नसेल. दांडा माझ्या जबड्यावर बसला होता ना, तो जबडा दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने आवळून टाकलेत. घेवड्याचं पाणी नळीने ओढते आणि त्यावर दिवस काढते. तू तुरुंगातून फोन करतोस, मी उचलते, तुझा श्वास ऐकते आणि ठेवते. तुला वाटतं म्हातारी रुसलीय. अरे राजा, मला बोलताच येत नाही. न्यायाधीशांनी लिहून द्यायला सांगितलंय, तसं दिलंय: पाय, दार, ट्रक, दांडा, सगळं. तुला काही वर्षं आत काढावी लागतील. ते तुला त्या नव्या बुटांच्या वकिलाकडून कळू नये, आईकडून कळावं, म्हणून हे पत्र.  भेटीच्या दिवशी मी येईन, दर वेळी येईन, तुला आवडतो तो मक्याचा पाव आत देऊ देतात का तेही विचारीन. पण ट्रेव्हा कुठे आहे ते विचारू नकोस. जबडा सुटला तरी मी सांगणार नाही.

तुझीच,
आई