भिंतीची मातीकडची बाजू

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आप्पांना आरोहीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई निम्मंच सांगते, म्हणून लिहितेय. भवानी पेठेत धनाजीमामांनी कंत्राटानं घेतलेल्या भिंतीच्या कामावर मी इंजिनीअर आहे. वरच्या अंगणाची माती अडवायची आहे. खाली लागूनच अक्कम्मा नावाच्या बाईंचं घर. आज काँक्रीट ओतायचं होतं. पाहते तर मातीकडच्या बाजूला हव्यात त्या जाड उभ्या सळ्या घराकडच्या बाजूला बांधलेल्या. माती ढकलते तेव्हा ताण मातीकडच्या बाजूला येतो. तिथंच लोखंड नसलं तर भिंत घरावर आडवी व्हायची.

मी काँक्रीटची गाडी परत पाठवली. मामा म्हणाले, चार माणसांत शोभा केलीस, उद्यापासून येऊ नकोस. आईला कसं सांगू?

तुमची माया असू द्या.
आरोही

मंगळवेढा
१८ ऑगस्ट २०२४

चि. आरोहीस आप्पाचे आशीर्वाद.

आईला सांगायची गरज पडली न्हाय. धनाजी सोताच आला हुता. सळ्या सोडून परत बांधायच्या म्हंजे आठवडा जातो, भिंत जाड हाय, काय हुत न्हाय, म्हणत हुता. मी मधी पडलो न्हाय, भाऊ तिचा. तुझ्या आईनं भाकरी वाढली आन् एवढंच म्हणाली, "आण्णा, खाली माणसं राहत्यात न्हवं?"

त्यो जेवला आन् उठून गेला. तू जेवतीस का, ते कळव.

तुझा
आप्पा

सोलापूर
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आप्पा आणि आई, दोघांना नमस्कार.

तुमच्याकडं जेवून गेल्यावर मामांनी दुसऱ्याच दिवशी मला कामावर बोलावून घेतलं होतं, तेवढं फोनवर आईला सांगितलं. पुढचं आता लिहिते. सळ्या सोडून मातीकडून बांधल्या, भिंत झाली, मागं माती भरली. परवा लई पाऊस झाला. वरचं अंगण तुडुंब भरलं. धावत गेले, तर मामा माझ्याआधीच तिथं, भिजत भिंतीवरून हात फिरवत होते. मागचं पाणी निघून जायला भिंतीत ठेवलेल्या भोकांतून पाणी धो धो वाहत होतं. भिंतीला तडा नाही. अक्कम्मांनी आम्हा दोघांना आत बोलावून चहा दिला.

काल नव्या कामावर मामा मिस्त्र्यांना म्हणाले, "आरोहीनं बघितल्याबिगर काँक्रीट ओतायचं न्हाय."

मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन जरा रडले. मग मामांच्याच डब्यातलं पोटभर जेवले.

आहे तशीच माया ठेवा.
तुमची आरोही